गॅलिलिओचा सवलत करार का मोडला: २००७ चा निर्णय आणि त्यानंतरची कारभाराची घडी

युरोपीय संघाच्या गॅलिलिओ या उपग्रह दिशादर्शन प्रणालीविषयी लिहिताना बहुतेक वेळा उपग्रह, कक्षा आणि अचूकता यांचीच चर्चा होते. येथे मात्र एकाच प्रसंगाचा अभ्यास केला आहे. ही प्रणाली उभारण्याचे आणि वीस वर्षे चालवण्याचे काम खासगी कंपन्यांच्या समूहाकडे सोपवण्याची योजना, म्हणजेच सवलत करार, २००५ ते २००७ या काळात कशी अडली, ती सोडून देण्याचा निर्णय कसा झाला आणि संपूर्ण खर्च सार्वजनिक अंदाजपत्रकावर घेतल्यावर कारभाराची रचना कशी बदलावी लागली, एवढाच या लेखाचा विषय आहे. संस्था आणि सार्वजनिक पदावरील व्यक्ती यांची नावे नोंदीप्रमाणे दिली आहेत. वाटाघाटींत बसलेल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातील विमाने, जहाजे, दूरसंचार जाळी आणि वीज वितरण यांचे अवलंबित्व अमेरिकेच्या जीपीएसवर झपाट्याने वाढत होते. जीपीएस अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होती आणि नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम त्रुटी मिसळली जात होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये युरोपीय आयोगाने गॅलिलिओचा प्रस्ताव मांडला, तेव्हा नागरी नियंत्रणाखालील, सेवेची हमी देणारी आणि युरोपाच्या स्वतःच्या निर्णयावर चालणारी प्रणाली हा त्याचा गाभा होता. सुमारे २३,२०० किलोमीटर उंचीवर तीन कक्षाप्रतलांत फिरणारे तीस उपग्रह, असा तिचा आराखडा होता.

खर्चाचा सुरुवातीचा अंदाज साधारण ३.२ ते ३.४ अब्ज युरोंचा होता. त्यापैकी विकास व पडताळणीच्या टप्प्याचे सुमारे १.१ अब्ज युरो युरोपीय संघ आणि युरोपीय अवकाश संस्था यांनी निम्मे-निम्मे द्यायचे, आणि पुढच्या उभारणीच्या सुमारे २.१ अब्जांपैकी दोन तृतीयांश रक्कम खासगी क्षेत्राने आणायची, असे गणित मांडले गेले. या विभागणीमागे राजकीय कारण होते. काही सदस्य देशांना हा प्रकल्प सरकारी तिजोरीवरचा कायमचा बोजा होईल अशी भीती वाटत होती, आणि खासगी भांडवल येणार या आश्वासनावरच त्यांची संमती मिळाली. २६ मार्च २००२ रोजी वाहतूकमंत्र्यांच्या परिषदेने ४५० दशलक्ष युरो मोकळे केले आणि त्याच वर्षी आयोग व अवकाश संस्था यांच्या भागीदारीतून ‘गॅलिलिओ संयुक्त उपक्रम’ ही संस्था स्थापन झाली. विकासाच्या टप्प्यावर देखरेख ठेवणे आणि सवलतदार (सवलत करार घेणारा खासगी समूह) निवडणे ही दोन्ही कामे तिच्याकडे होती.

अमेरिकेशी झालेला वाद येथे थोडक्यातच नोंदवतो. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी युरोपीय संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून, गॅलिलिओचे संकेत अमेरिकी लष्करी संकेतांवर चढतील अशी हरकत घेतली होती. जून २००४ मध्ये आयर्लंडमधील ड्रोमोलँड किल्ल्यात झालेल्या कराराने तो प्रश्न सुटला आणि दोन्ही प्रणालींचे नागरी संकेत परस्परांना पूरक ठेवण्याचे ठरले. बाहेरचा सर्वांत मोठा अडथळा अशा रीतीने दूर झाला होता. त्यानंतर जे अडले, ते युरोपाच्या स्वतःच्या रचनेत अडले.

समस्या

सवलत करार हा प्रकार आपल्या वाचकांना ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या नावाने परिचित आहे. रस्ता बांधणारी कंपनी टोलनाक्यावर वाहन अडवून पैसे घेऊ शकते. गॅलिलिओच्या मुख्य सेवेला असा नाका उभारता येतच नव्हता, कारण ती सर्वांना विनामूल्य द्यायची हे सुरुवातीपासून ठरलेले होते. शिवाय मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातील मुद्दाम मिसळलेली त्रुटी काढून टाकली. त्यामुळे सामान्य ग्राहकाला फुकटात मिळणारी अचूकता एका रात्रीत कितीतरी सुधारली आणि सशुल्क सेवेची बाजारपेठ त्याच प्रमाणात आकसली. २००१ मध्ये आयोगासाठी झालेल्या सल्लागार अभ्यासाने ग्राहक-उपकरणांतील चिपवरचे स्वामित्वशुल्क आणि खास सेवांची वर्गणी यांतून महसूल येईल असे मांडले होते. तो महसूल पुरेसा येईल याची खात्री मात्र पैसे गुंतवणाऱ्या कोणालाच देता येत नव्हती.

स्पर्धेत सुरुवातीला दोन गट होते. एकात एअरबस समूहाची तेव्हाची मूळ कंपनी ईएडीएस, थेल्स आणि इनमारसॅट होत्या, तर दुसऱ्यात अल्काटेल आणि फिनमेकॅनिका प्रमुख होत्या. २००५ च्या वसंत ऋतूत संयुक्त उपक्रमाने दोन्ही गटांशी वाटाघाटी सुरू ठेवण्याचे ठरवले. काही आठवड्यांतच दोन्ही गटांनी एकत्र येऊन एकच बोली देण्याचा प्रस्ताव ठेवला आणि जून २००५ मध्ये तो मान्य झाला. एकत्रित समूहात स्पेनच्या आएना आणि हिस्पासॅट व जर्मनीची टेलिऑप धरून आठ भागीदार झाले. या प्रकरणातील पहिला निर्णायक वळणबिंदू हाच आहे. दोन्ही गटांच्या तांत्रिक बाजू एकमेकींना पूरक आहेत आणि विलीनीकरणाने सरकारांचा वाटा कमी होईल, असे समर्थन तेव्हा केले गेले. प्रत्यक्षात त्या दिवसापासून सार्वजनिक बाजूला निघून जाण्यासाठी दुसरा दरवाजा उरला नाही आणि आठ भागीदारांना एकमेकांशी तडजोड करण्याची घाई उरली नाही.

भागीदारांचे हितसंबंधही दुहेरी होते. सवलतदार म्हणून त्यांनी उपग्रह स्वस्तात घ्यायला हवे होते; पुरवठादार म्हणून तेच उपग्रह त्यांच्याच उपकंपन्या विकणार होत्या. प्रत्येक भागीदारामागे त्याचा देश उभा होता. कंपनीचे मुख्यालय, नियंत्रण केंद्रे आणि कामाची वाटणी यांवरचा वाद इतका ताणला गेला, की माजी युरोपीय आयुक्त कारेल व्हान मिर्ट यांना मध्यस्थ नेमावे लागले. डिसेंबर २००५ च्या तडजोडीत मुख्यालय तुलूझला, परिचालन कंपनी लंडनला आणि नियंत्रण केंद्रे जर्मनी व इटलीत असे ठरले. स्पेनच्या वाट्याला पूरक सुविधा आल्या. कामाचा आराखडा आणि जोखमीची वाटणी ठरण्याआधी इमारतींची ठिकाणे ठरली, यावरून वाटाघाटीच्या टेबलावर कशाला अग्रक्रम होता ते स्पष्ट दिसते.

खऱ्या अर्थाने अडलेले मुद्दे तीन होते. पहिला महसुलाचा. दुसरा तांत्रिक जोखमीचा: उपग्रहांचा आराखडा अवकाश संस्थेच्या देखरेखीखाली सार्वजनिक पैशाने तयार होत होता आणि त्याची कक्षेतील पडताळणी अजून झालेली नव्हती, त्यामुळे दुसऱ्याने केलेल्या आराखड्याच्या अपयशाची जबाबदारी घ्यायला सवलतदार तयार नव्हता. तिसरा त्रयस्थांप्रती असलेल्या दायित्वाचा: विमान उतरवताना वापरल्या जाणाऱ्या हमीच्या संकेतात चूक होऊन अपघात झाला, तर नुकसानभरपाई कोणी द्यायची? या तिन्ही बाबतीत समूहाने सरकारी हमी मागितली आणि सरकारांनी ती देण्यास टाळाटाळ केली. मागितलेल्या सगळ्या हमी दिल्या असत्या, तर जोखीम जनतेची आणि मालकी कंपन्यांची अशी अवस्था झाली असती. म्हणून या टाळाटाळीचा दोष सरकारांना देता येत नाही.

दरम्यान तांत्रिक काम थांबले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या एका छोट्या कंपनीने बांधलेला जिओव्ह-ए हा चाचणी उपग्रह २८ डिसेंबर २००५ रोजी बायकोनूरहून सोडला गेला आणि जानेवारी २००६ मध्ये त्याने संकेत पाठवून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने गॅलिलिओसाठी राखलेल्या वारंवारिता मुदतीच्या आत वाचवल्या. तो उशिरा गेला असता, तर पुढचा सगळा वाद निरर्थक ठरला असता.

संयुक्त उपक्रम २००६ च्या अखेरीस बंद झाला आणि १ जानेवारी २००७ पासून नव्या पर्यवेक्षण प्राधिकरणाने वाटाघाटी हाती घेतल्या. तोवर समूहाने साधी संयुक्त कंपनीही नोंदवलेली नव्हती आणि तिला मुख्य कार्यकारी अधिकारी नव्हता. २२ मार्च २००७ रोजी जर्मनीच्या अध्यक्षतेखालील वाहतूकमंत्र्यांच्या परिषदेने १० मेची मुदत घालून दिली. वाटाघाटी मात्र पुढे सरकल्या नाहीत.

विचारात घेतलेले पर्याय

१६ मे २००७ रोजी आयोगाने गॅलिलिओ चौरस्त्यावर उभी असल्याचे सांगणारे निवेदन मांडले. वाहतूक आयुक्त जाक बारो यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या त्या कागदात सांगितलेली कारणे वर दिलेल्या कारणांशी बरीच जुळतात. प्रकल्प पूर्ण सोडून देण्याचा मार्ग तत्त्वतः खुला होता. पण त्याने तोवरचा खर्च वाया गेला असता आणि अमेरिका, रशिया व चीन यांच्या प्रणालींसमोर युरोप कायमचा ग्राहक राहिला असता.

उरलेले मार्ग सार्वजनिक पैसा कुठवर न्यायचा या एका प्रश्नावर वेगळे होत होते. पडताळणीचे पहिले चार उपग्रह सरकारी खर्चाने आणि बाकी सगळे सवलतदाराने, ही जुनीच योजना एक मार्ग होता. दुसऱ्या मार्गात अठरा उपग्रहांपर्यंतची प्रारंभिक उभारणी सार्वजनिक पैशाने करून उरलेले खासगी भागीदाराकडे द्यायचे होते. तिसऱ्यात तीसही उपग्रह आणि जमिनीवरील यंत्रणा सार्वजनिक खर्चाने उभारून खासगी सहभाग फक्त परिचालनापुरता ठेवायचा होता. आयोगाने तिसऱ्याची शिफारस केली. त्यामागचा युक्तिवाद मला आजही पटतो: जुन्या योजनेतही वार्षिक देयके आणि हमी या रूपाने बहुतेक खर्च अखेर सरकारांवरच येणार होता, फक्त तो उशिरा, व्याजासह आणि कमी नियंत्रणात आला असता. अठरा उपग्रहांचा मधला मार्ग सावध वाटतो, पण त्यात सवलतदार अर्धी प्रणाली दुसऱ्याच्या हातची घेणार होता, म्हणजे आराखड्याच्या जोखमीवरून झालेले भांडण पुन्हा तेथूनच सुरू झाले असते.

पैसा कोणत्या मार्गाने द्यायचा हा वेगळा वाद होता. जर्मनीचा कल अवकाश संस्थेमार्फत निधी उभारण्याकडे होता. तेथे प्रत्येक देशाने भरलेल्या रकमेच्या प्रमाणात त्या देशातील उद्योगाला काम मिळते. आयोग आणि युरोपीय संसद यांना संघाचे सामाईक अंदाजपत्रक हवे होते, कारण त्यात खुली स्पर्धा शक्य होती आणि मालकी निःसंदिग्धपणे संघाची राहणार होती. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने नोव्हेंबर २००७ मध्ये खर्च आणि लाभ यांचा नव्याने स्वतंत्र हिशेब मागितला. ही मागणी रास्त होती आणि ती पाच वर्षे आधी व्हायला हवी होती.

घेतलेले निर्णय

जून २००७ च्या परिषदेने सवलतीच्या वाटाघाटी संपल्याचे मान्य केले. १९ सप्टेंबर रोजी आयोगाने अर्थसाह्याचा प्रस्ताव ठेवला. २००७ ते २०१३ या काळासाठी आधी राखून ठेवलेल्या सुमारे एक अब्ज युरोंमध्ये २.४ अब्जांची भर घालायची आणि त्यासाठी शेती व प्रशासन या शीर्षांखालील न वापरलेल्या रकमेचा मोठा आधार घ्यायचा, असा तो प्रस्ताव होता. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यावर तडजोड झाली. स्पेनने आपल्याकडेही नियंत्रण केंद्र हवे ही मागणी शेवटपर्यंत लावून धरली होती.

९ जुलै २००८ च्या नियमावलीने ही घडी कायद्यात बसवली. एकूण ३.४०५ अब्ज युरोंची तरतूद झाली. कार्यक्रमाची जबाबदारी एकट्या आयोगाकडे आली. अवकाश संस्था त्याच्या वतीने आराखडा आणि खरेदी सांभाळणारी झाली. पर्यवेक्षण प्राधिकरणाचे काम सुरक्षा-मान्यता आणि बाजारपेठेची तयारी एवढ्यावर आले. दोन संस्थांनी मिळून तिसरी संस्था चालवायची आणि निर्णय मात्र सत्तावीस राजधान्यांत व्हायचा, ही आधीची अवस्था निदान कागदावर तरी संपली.

खरेदीचे नियम हा या निर्णयाचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग आहे. संपूर्ण काम सहा भागांत तोडले गेले: प्रणाली-साहाय्य, जमिनीवरील दोन स्वतंत्र यंत्रणा, उपग्रह, प्रक्षेपण आणि परिचालन. कोणत्याही एका समूहाला मुख्य कंत्राटदार म्हणून दोनहून अधिक भागांसाठी बोली लावता येणार नव्हती, आणि कामाच्या एकूण मूल्याच्या किमान ४० टक्के भाग मुख्य कंत्राटदाराच्या समूहाबाहेरील कंपन्यांना स्पर्धेतून द्यावा लागणार होता. २००५ मध्ये गमावलेली स्पर्धा अशा रीतीने नियमाने परत आणली गेली. जानेवारी २०१० मध्ये पहिल्या चौदा उपग्रहांचे ५६६ दशलक्ष युरोंचे कंत्राट ब्रेमेनच्या ओएचबी या तुलनेने छोट्या कंपनीला मिळाले आणि उपग्रहांवरील दिशादर्शन उपकरणे गिल्डफर्डच्या त्याच कंपनीकडे गेली, जिने जिओव्ह-ए बांधला होता. जुन्या समूहाच्या रचनेत असा निकाल संभवत नव्हता.

परिणाम

मूळ वेळापत्रकाप्रमाणे सेवा २००८ मध्ये सुरू व्हायची होती. पडताळणीचे पहिले दोन उपग्रह २१ ऑक्टोबर २०११ रोजी फ्रेंच गयानातील कुरूहून गेले, पुढचे दोन ऑक्टोबर २०१२ मध्ये, आणि मार्च २०१३ मध्ये या चौघांच्याच संकेतांवरून जमिनीवरील स्थान प्रथमच काढता आले. ऑगस्ट २०१४ मध्ये दोन उपग्रह चुकीच्या कक्षेत गेले, कारण प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्यातील इंधननळी अतिथंड हेलियमच्या नळीला लागून बसवल्यामुळे गोठली होती. प्रारंभिक सेवा १५ डिसेंबर २०१६ रोजी जाहीर झाली. सप्टेंबर २०१९ पर्यंत गॅलिलिओचा संकेत घेणाऱ्या स्मार्टफोनची संख्या एक अब्जावर गेली. हे यश संकेत विनामूल्य असल्यामुळेच मिळाले, म्हणजे सवलत योजनेच्या आर्थिक पायाशी विसंगत असलेल्या गोष्टीमुळे मिळाले.

खर्च मात्र ३.४ अब्जांत बसला नाही. जानेवारी २०११ मध्ये आयोगाने उभारणी पूर्ण करण्यास आणखी १.९ अब्ज युरो लागतील असे सांगितले. २०१४ ते २०२० या काळासाठी गॅलिलिओ आणि इग्नॉस (जीपीएसच्या संकेतांची तपासणी करणारी युरोपाची पूरक प्रणाली) मिळून सुमारे ७ अब्जांची आणि २०२१ ते २०२७ साठी सुमारे ९ अब्जांची तरतूद झाली. युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयाने २००९ च्या अहवालात भागीदारीची तयारी अपुरी होती आणि संयुक्त उपक्रमाला अवास्तव काम दिले गेले होते, असा स्पष्ट निष्कर्ष काढला.

भारताचा या कथेशी खरा संबंध आहे. सप्टेंबर २००५ च्या नवी दिल्लीतील शिखर बैठकीत भारताने गॅलिलिओतील सहभागाच्या कराराच्या मसुद्यावर प्राथमिक स्वाक्षरी केली होती. २००६ मध्ये मात्र केंद्र सरकारने इस्रोच्या स्वतंत्र प्रादेशिक प्रणालीला मंजुरी दिली आणि तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. नाविक या नावाने आज ओळखली जाणारी ती प्रणाली पहिल्यापासून सरकारी निधीवर उभी राहिली, त्यामुळे सवलतीचा प्रश्न तिच्यापुढे आलाच नाही. तांत्रिक अडचणी मात्र दोघींच्याही वाट्याला आल्या: दोन्ही प्रणालींतील रुबिडियम अणुघड्याळे एकाच युरोपीय पुरवठादाराची होती आणि ती दोन्हीकडे बंद पडली.

वेगळे काय करता आले असते

पडताळणीचे चार उपग्रह कक्षेत जाऊन त्यांचे निकाल हाती येईपर्यंत सवलतीची निविदा काढायचीच नाही, हा निर्णय २००२ मध्येच घेता आला असता. विकासाचा टप्पा आणि वाटाघाटी एकाच वेळी चालवल्या, कारण २००८ ही तारीख राजकीयदृष्ट्या पवित्र मानली गेली होती. आराखडा सिद्ध झाल्यावर बोली मागवल्या असत्या, तर तांत्रिक जोखमीचा मुद्दा निम्म्याहून अधिक हलका झाला असता. महसुलाचा प्रश्न तरीही उरला असता. म्हणून माझ्या मते उभारणी सार्वजनिक खर्चाने आणि परिचालन मुदतीच्या कंत्राटाने, ही २००७ ची रचना २००२ मध्येच योग्य होती. तेव्हा ती मांडली असती, तर काही देशांची संमती कदाचित मिळाली नसती. तो धोका खरा होता. पण मिळालेली संमती चुकीच्या आकड्यावर मिळाली होती, आणि त्या आकड्याची भरपाई नंतर दोनदा करावी लागली.

विलीनीकरण नाकारणे हा दुसरा मार्ग होता. दोन बोलींपैकी एक निवडली असती तर हरलेल्या गटामागचे देश नाराज झाले असते, आणि जून २००५ मध्ये ती नाराजी कोणालाच नको होती. निदान, ठरावीक मुदतीत संयुक्त कंपनी न झाल्यास स्पर्धा आपोआप पुन्हा खुली होईल, अशी अट घालता आली असती. प्रत्यक्षात मुदत लागली ती मार्च २००७ मध्ये, तीही निष्पत्तीशून्य ठरलेल्या दोन वर्षांनंतर.

नव्या घडीतही एक सांधा कच्चा राहिला होता. जुलै २०१९ मध्ये जमिनीवरील यंत्रणेतील बिघाडामुळे गॅलिलिओची सेवा सुमारे आठवडाभर बंद पडली. तेव्हा मालक आयोग, सेवेची जबाबदारी प्राधिकरणाची, आराखडा अवकाश संस्थेचा आणि रोजचे परिचालन कंत्राटदाराचे, अशी चार ठिकाणी वाटलेली जबाबदारी होती. २०२१ च्या नियमावलीने प्राधिकरणाचे रूपांतर प्रागस्थित अवकाश कार्यक्रम संस्थेत केले आणि त्याच वर्षी जूनमध्ये आयोग, ही संस्था व अवकाश संस्था यांच्यात भूमिका ठरवणारा त्रिपक्षीय करार झाला.

दायित्वाचा प्रश्न मात्र संस्था बदलून सुटला नाही. तो आश्वासन आटोक्यात आणून सोडवला गेला. विमानवाहतुकीला हमीचा संकेत थेट गॅलिलिओतूनच देण्याची मूळ कल्पना उभारणीच्या काळात बाजूला ठेवली गेली आणि ते काम मार्च २०११ पासून इग्नॉसकडे आले, जी जीपीएसच्या संकेतांची तपासणी करून त्यांतील चुकांचा इशारा देते. हा आवाका २००५ मध्येच कमी केला असता, तर आठ भागीदारांच्या टेबलावरील तीन अडलेल्या मुद्द्यांपैकी एक तेव्हाच उचलला गेला असता.